चाळीस डॉलरची हंसनळी

मागच्या दिवाळीत कॅनडातील सास्काटूनहून आलेल्या माझ्या भाच्याने फराळाच्या ताटाशेजारी एक काळी, वीतभराहून आखूड नळी आणून ठेवली आणि म्हणाला, "मामा, तुमच्या तलावावरच्या हंसांशी बोलायला आणली आहे." तिकडे रानहंसांची शिकार करणारे लोक कापणी झालेल्या शेतात लपून बसतात, ही नळी फुंकतात आणि वरून जाणारा थवा बंदुकीच्या टप्प्यात उतरवतात. भाचा शिकारी नाही. पण मला पक्ष्यांचा आणि वाद्यांचा असे दोन नाद आहेत हे त्याला ठाऊक असल्याने त्याने दोन्ही एकाच वस्तूत बसवले. त्याने तिचे तेथील चाळीस डॉलर मोजले, म्हणजे आपले अडीच हजारांच्या घरात. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत मी ती रोज थोडी थोडी वाजवली, दोनदा बिघडवली, दोनदा दुरुस्त केली. त्या अनुभवावर हे परीक्षण लिहीत आहे. बनवणाऱ्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे दोषांविषयी लिहायचे आहे आणि एका नगावरून कोणाला नावे ठेवणे योग्य नाही.

नळीचे दोन तुकडे एकमेकांत बसतात. ज्यात फुंकायचे तो जाड भाग रिकामा असतो. खरे काम दुसऱ्या तुकड्यात चालते. त्यात एक अरुंद, वरून किंचित बाकदार फळी असते, तिच्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिकची पट्टी टेकवलेली असते आणि दोन्ही मागच्या बाजूला एका लहान पाचरीने आवळलेली असतात. फुंक आली की पट्टी फळीवर आपटू लागते आणि त्या आपटण्याचा आवाज होतो. मी बरीच वर्षे झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखातल्या, नाटकांत पेटी वाजवली आहे, त्यामुळे पहिल्याच दिवशी ही नळी उघडून पाहण्याचा मोह आवरला नाही. पेटीतील पितळी पट्टी आपल्या खाचेतून मोकळी आरपार हलते आणि तिचा सूर ठरलेला असतो; भाता हळू दाबा की जोरात, षड्ज षड्जच राहतो. येथे पट्टी फळीवर आपटते, म्हणून फुंक वाढली की ती फळीला अधिकाधिक चिकटत जाते, तिचा हलणारा भाग आखूड होतो आणि सूर एकदम वर उडी मारतो. नात्याने ही नळी पेटीपेक्षा गारुड्याच्या पुंगीला जवळची. लहानपणी आंब्याची कोय दगडावर घासून जी पिपाणी करायचो तिच्यातही ओठांच्या दाबाने आवाज असाच फाटत असे, आणि तो फाटू नये म्हणून आम्ही धडपडायचो. हंसनळीत मात्र तो फाटणे हेच सर्वस्व आहे.

याचे कारण कॅनडा हंसाच्या आवाजात आहे. त्याची हाक ढोबळमानाने दोन पायऱ्यांची असते: आधी घशातून निघणारा खालचा, खरबरीत स्वर आणि त्याला लागूनच तुटल्यासारखा वर गेलेला दुसरा. आखूड पट्टीची नळी या तुटण्यासाठीच घडवलेली आहे. जुनी लांब, बासरीसारखी लाकडी नळी वाजवायला सोपी असते, पण तिच्यातून चार-दोन हाकांपलीकडे फारसे काही काढता येत नाही, असे भाच्याचे शिकारी शेजारी सांगतात. आखूड नळीतून हंसाचे जवळजवळ सगळे बोलणे निघते, आणि म्हणूनच ती शिकणाऱ्याचा घाम काढते.

पहिले आठ दिवस माझ्या नळीतून फक्त शिट्टी निघाली. नवशिक्याची पहिली चूक ही की तो गाल फुगवून फुगा फुगवल्यासारखा फुंकतो. फुंक पोटातून, बेंबीखालून यावी लागते, आणि ती थंड नसावी. आरशावर वाफ धरण्यासाठी आपण जसा 'हाऽ' करतो तशी उबदार आणि घसा मोकळा ठेवून सोडलेली असावी. दुसरी चूक हाताची. नळीचे बाहेरचे तोंड डाव्या मुठीत धरायचे असते, आणि ती मूठ म्हणजे अर्धे वाद्य आहे. मूठ जवळजवळ मिटली की हवा अडते, ती उलट पट्टीवर दाब देते आणि खालचा घोगरा स्वर स्थिर होतो. मूठ उघडली की स्वर मोकळा व दूरवर जाणारा होतो. तबल्याच्या डग्ग्यावर मनगट सरकवून जशी मींड काढतात, तसे येथे बोटांच्या फटीतून सूर घडवायचा असतो. पुस्तिकेत मूठ कशी धरावी याचे एकच अंधुक चित्र आहे. ते पाहून माझा गैरसमजच झाला. मला वळण सापडले ते हाताने तोंड झाकून खोकताना.

तिसरी गोष्ट जिभेची. तिकडचे शिकवणारे नळीत नुसती फुंक मारायला सांगत नाहीत, शब्द उच्चारायला सांगतात: 'टू-विट', 'हट' असे काहीसे. 'टू' म्हणताना खालचा स्वर भरतो, 'वि'वर तो फुटून वर जातो आणि 'ट'ला जीभ टाळूला लागून हवा एकदम बंद होते. मराठी तोंडाला 'टू-विट'पेक्षा 'गूऽ-इक' सोपे जाते, हा माझा स्वतःचा शोध. तो बनवणाऱ्याने पुढच्या आवृत्तीत खुशाल घ्यावा. 'क'ने हवा घशात तुटते, आणि हाक अधिक कोरडी, अधिक खरी वाटते. हे साधायला मला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत सांदवाडीत, म्हणजे परसात, बसून केलेल्या रियाजाबद्दल घरच्या मंडळींनी जे मौन पाळले त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. शेजारच्या पोरांनी मात्र ते पाळले नाही. "काऊन गुरुजी, नाटक सोडून बदक झाले का जी?" ही त्यांतील सौम्य प्रतिक्रिया होती.

एकदा स्वर तुटू लागला की पुढचा सगळा शब्दसंग्रह त्याच्याच तुकड्यांतून बनतो. पूर्ण हाक लांब असते आणि ती दूरच्या थव्यासाठी. तिचीच शेपटी छाटली की आखूड, टणक 'क्लक' मिळतो. दोन क्लक एकमेकांवर चढवले की एका पक्ष्याच्या जागी दोन बोलत असल्याचा भास होतो, आणि चांगला वाजवणारा एकटाच पाच-सहा हंसांचा गलका उभा करतो. खालच्या स्वरावरच रेंगाळून, तो न तोडता, मुठीत गुदमरवला की कण्हण्यासारखा आवाज येतो. त्यातूनच जमिनीवर निवांत चरणाऱ्या थव्याची कुजबुज काढतात. आणि थवा पाठ फिरवून जाऊ लागला तर त्याला परत बोलावणारी, चढत जाणारी, काकुळतीला आलेली अशी घाईची हाक असते. हे सर्व आवाज हंसांच्या कुटुंबव्यवस्थेतून आलेले आहेत. कॅनडा हंसाची जोडी सहसा वर्षानुवर्षे टिकते, पिल्ले पहिल्या हिवाळ्यापर्यंत आईबापांबरोबरच उडतात, आणि थवा म्हणजे बहुतेकदा अशा कुटुंबांचा जमाव असतो. अंधारात, धुक्यात, गर्दीत एकमेकांना सोडायचे नसेल तर सतत बोलत राहणे भाग आहे. शिकाऱ्याची नळी या गरजेचा फायदा घेते; भुकेपेक्षा ती सोबतीच्या ओढीवर अधिक चालते.

खरे तंत्र फुंकण्यापेक्षा कधी फुंकू नये यात आहे, आणि पुस्तिकेचा सर्वांत चांगला भाग तोच आहे. थवा दूर असेल तर मोठी हाक; तो वळून येऊ लागला की आवाज उतरवायचा; पंख स्थिर व वाकलेले धरून, पाय खाली सोडून तो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने सरळ उतरत असेल तर जवळजवळ गप्प बसायचे, कारण त्या क्षणी जास्तीचा एक क्लकही त्याला तुमची नेमकी जागा सांगतो. पक्ष्यांच्या शेपट्या आणि पंखांची टोके दिसू लागली, म्हणजे ते फिरून दूर जात आहेत, की पुन्हा तोंड उघडायचे. हंगामाच्या शेवटी शेवटी हंस शहाणे होतात. सगळ्या शेतांतून सारख्याच नळ्या ऐकून ते कंटाळलेले असतात, तेव्हा जो कमी वाजवतो त्याचे फावते. गायकाला जागा सोडणारा पेटीवाला आणि प्रत्येक जागा भरणारा पेटीवाला यांतला फरक ज्याने रंगमंचावर अनुभवला आहे त्याला हे पान वाचताना ओळखीचे वाटेल.

असे वाद्य फुंकूनच का वाजवायचे, ध्वनिमुद्रण का लावत नाहीत, असा प्रश्न मला पडला होता. उत्तर कायद्यात आहे. अमेरिकेत पूर्वी पाळलेले जिवंत हंस शेतात बांधून त्यांच्या आवाजावर रानातले हंस उतरवत. १९३५ मध्ये त्यावर बंदी आली. ध्वनिमुद्रित आवाजालाही तेथे काही खास काळांचा अपवाद सोडला तर परवानगी नाही. म्हणजे माणसाचा श्वास तेवढा उरला, आणि त्या श्वासाभोवती कारागिरी, स्पर्धा, शिकवण्या असे सगळे वाढले. मेरीलँड राज्यातील ईस्टन या गावी हंसांच्या हाकांची जागतिक स्पर्धा भरत आली आहे आणि तेथे परीक्षक माणसांची फुंक ऐकून गुण देतात.

मी नळीची परीक्षा एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बोडीवरच्या, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यावरच्या, पाच पाळीव हंसांवर घेतली. त्याने ते राखणीसाठी पाळले आहेत आणि त्यांच्यापुढे गावातली कुत्री नांगी टाकतात. मोठ्या हाकेला पाचही माना काठीसारख्या ताठ झाल्या आणि नर फिस्कारत माझ्या धोतराकडे धावून आला. याला परिणाम म्हणावे की नापसंती, हे ठरवणे कठीण. परत बोलावणाऱ्या हाकेला त्यांनी दाद दिली नाही. पण रचलेल्या धानाच्या पुंजण्याआड बसून, मूठ मिटून, चरणाऱ्या थव्याची ती कुजबुज काढली तेव्हा पहिल्या मिनिटानंतर माना खाली गेल्या आणि ते पुन्हा सांडलेले धान टिपू लागले. तीन वेगवेगळ्या दिवशी हेच घडले. पाळीव हंस हे कॅनडा हंसाचे वंशज नव्हेत; युरोपातील पाळीव जाती करड्या कलहंसापासून आणि चिनी जाती दुसऱ्या एका रानहंसापासून आलेल्या आहेत. तरीही निवांतपणाचा आवाज त्यांना कळला आणि बोलावण्याचा कळला नाही, ही मला या सगळ्या खटाटोपातली सर्वांत रोचक गोष्ट वाटली. डबीवर छापलेला 'सर्व जातींच्या हंसांसाठी' हा दावा मात्र यापुढे मी मानणार नाही.

आमच्या तलावांवर येणारा मुख्य रानहंस म्हणजे पट्टकादंब, ज्याला येथे बहुतेक लोक नुसतेच राजहंस म्हणतात. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे असलेला हा पक्षी मंगोलिया, तिबेट आणि लडाखच्या पठारांवर वीण करतो आणि हिमालय ओलांडून खाली येतो. यंत्र बसवलेल्या एका पक्ष्याची ७,२९० मीटर उंचीवरून उडाल्याची नोंद आहे. त्याचा आवाज नाकातला, खोल, 'आंग-आंग' असा असतो आणि कॅनडा हंसासारखा तो दोन पायऱ्यांत ठळकपणे तुटत नाही. या नळीची तर सगळी खुबी तुटण्यात! पट्टी थोडी बाहेर सरकवून, हलणारा भाग लांब करून मी सूर बराच खाली आणला, तरी तो नाकातला गुण काही आला नाही.

तो गुण मला अखेर सापडला एका म्हाताऱ्या ढिवर काकांकडे. तलावात जाळे टाकण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. मी नळी दाखवली तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, परत दिली, उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी नाकावर हलकेच ठेवली आणि बंद ओठांतून असा आवाज काढला की अंगणातली माझी नात आकाशाकडे पाहू लागली. "बा शिकवला होता," एवढेच ते म्हणाले. शिकारीला बंदी नसतानाच्या काळातली ती विद्या होती आणि तिला एक पैसाही लागत नव्हता. कॅनडातही जेम्स उपसागराच्या काठचे क्री लोक नळीशिवाय, नुसत्या तोंडाने हंसांना हाक मारतात. चाळीस डॉलरच्या वस्तूचे परीक्षण करताना ही तुलना करावीच लागते: पट्टकादंबाच्या बाबतीत काकांचे नाक नळीच्या कितीतरी पुढे आहे.

येथे एक गोष्ट नि:संदिग्धपणे लिहिली पाहिजे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे. पकडणे, सापळा लावणे, हाकारणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हेही तिच्यात येते. म्हणून तलावाच्या काठी उभे राहून रानहंसांवर ही नळी वाजवून पाहण्याचा विचारही कोणी करू नये, आणि मी तो केला नाही. कायदा बाजूला ठेवला तरी नवेगावबांध, इटियाडोह किंवा गावोगावच्या मालगुजारी तलावांवर येणारे हे पक्षी दिवसा पाण्यावर विश्रांती घेतात आणि संध्याकाळनंतर शेतांत चरायला जातात. दिवसा त्यांना उगीच उठवणे म्हणजे एवढे अंतर कापून आलेल्या पाहुण्याची झोपमोड करणे आहे. ज्यांच्या बांध्यांत धानानंतर लाखोळीची डाळ पेरलेली असते त्या शेतकऱ्यांचे मत अर्थातच वेगळे आहे. एकाने नळी ऐकून शांतपणे विचारले, "गुरुजी, हे बोलवाची आहे. हाकलाची केवढ्याले येते?" तशी नळी त्या दुकानात असल्याचे भाच्याला आठवत नाही.

आता दोष. पहिला, पट्टी चिकटण्याचा. थंड देशात वाजवणाऱ्याची थुंकी पट्टीखाली गोठते म्हणून तेथे तक्रारी होतात. आमच्याकडे मळणीच्या दिवसांत हवेत उडणारे धानाचे कुसळ हा शत्रू आहे. एक बारीक कुसळ पट्टीखाली गेले आणि नळी मुकी झाली. पेटी दुरुस्त करणाऱ्याची युक्ती कामी आली: दहाची कोरी नोट पट्टी आणि फळी यांमध्ये सारून अलगद बाहेर ओढली की घाण निघते. दुसरा दोष अधिक गंभीर. दोन तुकड्यांच्या सांध्यावरचे रबरी कडे इतके सैल आहे की माघात हवा कोरडी होताच खालचा तुकडा हातात निसटू लागला आणि एकदा पडून त्याची पाचर सुटली. पट्टी पुन्हा पूर्वीच्याच जागी बसवताना माझे दोन दिवस गेले, कारण ती केसभर इकडेतिकडे झाली तरी सूर बदलतो. ज्याला अशी नळी मिळेल त्याने ती उघडण्यापूर्वी पट्टीच्या कडेशी फळीवर पेन्सिलीची बारीक रेघ मारून ठेवावी. ही सूचना पुस्तिकेत पहिल्या पानावर हवी होती, ती कुठेच नाही. सैल कड्यावर मी शिलाईचा दोरा तीन वेढे गुंडाळला आहे आणि तो टिकला आहे. सुटी पट्टी इकडे मिळत नाही, हाही मोठाच अडथळा आहे.

बाकी घडण चांगली आहे. पॉलिकार्बोनेटचा देह ढकलला, पाडला, नातवंडांनी चावला तरी तडकला नाही. याहून महाग ॲक्रिलिकच्या नळ्यांचा आवाज अधिक तीक्ष्ण असतो म्हणतात, पण शिकण्यासाठी एवढा खर्च करण्याचे कारण नाही. गळ्यात अडकवायची विणलेली दोरी दणकट आहे. तिला मी माझा चष्मा अडकवतो. पुस्तिकेसोबत येणारे चित्रफितींचे धडे स्पष्ट आहेत, आणि इंग्रजी न समजणाऱ्यालाही कानाने ते शिकता येतील. पैशांचा मोबदला म्हणाल तर, ज्याला फक्त आवाज काढायचा आहे त्याने अडीच हजार घालवू नयेत. ज्याला थव्याचे बोलणे कान देऊन ऐकायचे आहे त्याच्यासाठी मी ती घेण्याजोगी मानतो, कारण हाक, क्लक आणि कुजबुज हे तीन आवाज स्वतःच्या तोंडातून काढायला शिकल्यानंतर पौषातल्या एका संध्याकाळी, नळी घरीच असताना, बांधावर उभ्या उभ्या मला पट्टकादंबांच्या गलक्यात कोण उठायच्या बेतात आहे आणि कोण अजून निवांत आहे हे प्रथमच वेगळे ऐकू आले. त्याआधी तीस हिवाळे मला तो नुसता गोंगाट वाटत होता.

फाल्गुनात दंडार हे आमच्याकडचे लोकनाट्य करणाऱ्या एका मंडळाने नळी मागून नेली. नलदमयंतीच्या आख्यानात हंसाचे सोंग होते आणि पडद्यामागून त्याचा आवाज द्यायचा होता. दमयंती कमळाच्या तळ्याकाठी बसलेली, हंस नलराजाचे गुण सांगायला आलेला, आणि माझ्या शिष्याने भर शांततेत कॅनडा हंसाची लांब पल्ल्याची पूर्ण हाक सोडली. दमयंती दचकून उठून उभी राहिली, पुढच्या रांगेतली पोरे लोळायला लागली आणि ढिवर काका मागून ओरडले, "नाकातून, बाबू, नाकातून!" दुसऱ्या रात्रीच्या प्रयोगाला तो आवाज काकांनी दिला. नळी परत आली तेव्हा तिची पट्टी एका कोपऱ्यात दुमडलेली होती. भाच्याला येताना तीन नव्या पट्ट्या आणि एक घट्ट रबरी कडे आणायला सांगितले आहे.